टेकलेला हात

साताऱ्याला मावशीच्या घरी रोज संध्याकाळी सहाला दहावीच्या मुलांची शिकवणी भरते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली आणि मग घराजवळची बारा मुलं तिने घरी गोळा केली. फी घेत नाही. फळा लावायला भिंत नाही म्हणून टॅब टीव्हीला जोडलाय. ती टॅबवर लिहिते, मुलं टीव्हीवर बघतात. गेल्या रविवारी मी पोचलो तेव्हा टॅबच्या काचेवर चार पदरी घडीचा रुमाल होता आणि रुमालावर तिचा हात.

मी टचस्क्रीनच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. लिहिताना काचेवर टेकलेला तळहात ओळखून बाजूला काढणं, ज्याला आमच्याकडे 'पाम रिजेक्शन' म्हणतात, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या रुमालावरून आमचं जे बोलणं झालं ते जमेल तितकं तसंच लिहून ठेवतोय. आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

मी: हा रुमाल कशाला गं?

मावशी: त्याच्याशिवाय लिहिताच येत नाही. हात टेकला की पान सरकतं, नाहीतर एकदम मोठं होतं. कुठेतरी टिंब उमटतं, रेघ उमटते. आम्ही टाकाने लिहायचो तेव्हा हाताखाली टीपकागद धरायचो. ओल्या शाईवर हात फिरू नये आणि हाताचा घाम कागदाला लागू नये म्हणून. आता टीपकागदाच्या जागी हा रुमाल.

मी: चार पदर आहेत म्हणून चालतंय. एकच पदर असता तर चाललं नसतं.

मावशी: पावसाळ्यात चार पदरांनीही भागत नाही. दमट झाला की पुन्हा तेच. मला आधी एवढं सांग, माझ्या हाताचं चुकतंय काय? पाटीवर लिहिलं, वहीवर लिहिलं, बोर्डाचे पेपर तपासले, सगळं हात टेकवूनच.

मी: हाताचं काही चुकत नाही. काचेला हात आणि बोट यांतला फरक कळत नाही. काचेखाली डोळ्यांना न दिसणारी जाळी असते, वीज वाहून नेणाऱ्या पारदर्शक पट्ट्यांची, उभी आणि आडवी. जिथे दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात तिथे थोडा विद्युतभार साठतो. आपलं शरीर वीजवाहक आहे, त्यामुळे बोट जवळ आलं की त्यातला थोडा भार बोटाकडे ओढला जातो. कुठे किती कमी झाला हे सेकंदाला कितीतरी वेळा मोजलं जातं. बस, काचेच्या हाती एवढंच येतं, आकड्यांचा एक तक्ता. तळहातही तसाच भार ओढतो. तुझ्या रुमालाने मधलं अंतर वाढवलं, म्हणून आकडा दखल घेण्याइतका मोठा होत नाही. रुमाल ओला झाला की घामातलं पाणी आणि मीठ स्वतःच वीज वाहून नेतात. मग अंतराचा उपयोग संपला.

मावशी: आणि पेनाचा आकडा वेगळा येत नाही?

मी: या पेनाचा नाही. याचं रबरी टोक एवढं जाड का आहे बघ. बोटाच्या पेराएवढी जागा टेकली नाही तर काच तिकडे लक्षच देत नाही. म्हणून पेनाला बोटाचं सोंग घ्यावं लागतं. तू बोटाने लिहितेस की पेनाने, हे या टॅबला ठाऊकच नाही. त्याच्या दृष्टीने काचेवर काही बोटं आहेत, त्यातलं एक पेन आहे आणि बाकीचा तुझा हात.

तिला ते ऐकून पटलं नसतं, म्हणून दाखवलं. टॅबच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे प्रत्येक स्पर्श काचेवर गोलाने दाखवण्याची सोय असते. ती चालू केली, रुमाल उचलला आणि तिला म्हटलं, नेहमीसारखी लिहायला बस, पण हळू.

आधी करंगळीखालच्या कडेला एक बारीक गोल उमटला. पेन अजून वर हवेतच होतं. मग मनगटाजवळ दुसरा. हात नीट विसावला तसे ते दोन्ही एकात मिसळून मोठा गोल झाला. पेन टेकलं, त्याचा बोटाएवढा गोल वेगळा दिसायला लागला. तिने 'समीकरण' लिहिलं. तेवढ्यात हात जरा पुढे सरकला आणि मोठा गोल फुटून त्याचे तीन तुकडे झाले. त्यातला एक तुकडा पेनाच्या गोलाएवढाच होता. तो पेनापासून लांब सरकल्याबरोबर पान मोठं झालं.

मावशीने हात उचलला, पुन्हा टेकवला. पुन्हा उचलला. असं पाच-सहा वेळा केलं. मुलं प्रमेयाची आकृती बघतात तसं ती त्या गोलांकडे बघत होती.

मावशी: म्हणजे हात टेकतानाचा पहिला क्षण आणि पेन टेकतानाचा पहिला क्षण यांत काही फरकच नाही.

मी: नेमकं तेच. विसावलेला हात ओळखणं सोपं आहे, मोठा असतो, हलत नाही. अडचण आहे ती हात टेकण्याच्या आणि सरकण्याच्या क्षणाला. म्हणून माझं मत सरळ आहे. अंदाज करत बसू नये. पेनाला स्वतःची ओळख सांगता आली पाहिजे. वॅकॉम नावाची जपानी कंपनी आहे, १९८३ सालची. तिच्या पद्धतीत स्क्रीनच्या मागे वेगळा थर असतो, तो चुंबकीय क्षेत्र सोडतो. पेनात एक तारेचं वेटोळं असतं, बॅटरीसुद्धा नसते. त्या क्षेत्राने वेटोळं जागं होतं आणि उत्तर देतं. तळहातात वेटोळं नाही, तो उत्तर देणारच नाही. सॅमसंगने २०११ मध्ये गॅलॅक्सी नोटबरोबर जे पेन दिलं ते याच जातीचं. त्यात पेन काचेला टेकायच्या आधीच, थोडं वर असतानाच कळतं. तेवढ्यात बोटांचे स्पर्श बंद करून टाकायचे. हात कसाही टेक.

मावशी: आणि ते पांढरं पेन, आयपॅडचं?

मी: त्यात बॅटरी असते, ते स्वतः संकेत सोडतं आणि काच तो ऐकते. २०१५ मध्ये आलं. एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे: २००७ च्या जानेवारीत आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी स्टायलस कुणाला हवा असतो, असा सवाल केला होता. बोटासाठी ते खरंच होतं. मग २०१० मध्ये आयपॅड आला, मोठा, वहीएवढा. लोक त्यावर लिहायला लागले आणि लिहिताना हात टेकायला लागले. मधली पाच वर्षं अ‍ॅप लिहिणाऱ्यांनी काय काय केलं! पानाच्या खालच्या भागात एक पट्टी ठेवायची, तिथे स्पर्श झाला तरी उमटायचं नाही, हात तिथे ठेवा. नाहीतर तुम्ही पेन कसं धरता त्याची चित्रं दाखवायची आणि त्यातून निवडायला सांगायचं. पेनच बोलायला लागल्यावर ते सगळं निकामी झालं.

मावशी: ते पेन माझ्या टॅबवर चालेल?

मी: नाही. तुझ्या काचेला ऐकायची सोय नाही. पेन आणि काच दोन्ही त्या भाषेतलं लागतं. युनिव्हर्सल स्टायलस इनिशिएटिव्ह म्हणून कंपन्यांचा एक गट २०१५ मध्ये झाला, कुठलंही पेन कुठल्याही स्क्रीनवर चालावं म्हणून. काही लॅपटॉपवर, टॅबवर ते चालतंही. पण त्यालाही काच तशी लागतेच.

मावशी: मग माझ्या या बारा पोरांचं काय? त्यातल्या सात जणांकडे टॅब आहे. लॉकडाऊनमध्ये घेतलेले, कुणी दिलेले, एकाचा तर कोपरा तडकलेला. पेनं बाजारातली, रबरी टोकाची. तुझं मत सरळ आहे म्हणालास. सरळ मत म्हणजे नवा टॅब घ्या, हो ना?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते तिला तसंच सांगितलं. बाजाराबद्दलची आणखी एक गोष्ट सांगितली, जी इथेही सांगायला हवी, कारण त्यात फसगत होते. पेनाच्या खोक्यावर 'पाम रिजेक्शन' छापलेलं असतं. बारीक टोक, आत बॅटरी, चार्ज करायची सोय. माणसाला वाटतं हात टेकला तरी चालेल. पण त्यातली बरीच पेनं फक्त २०१८ आणि त्यानंतरच्या आयपॅडवर तळहात वेगळा काढू शकतात, कारण ती त्या काचेला समजणारा संकेत सोडतात. बाकीच्या टॅबवर ती बॅटरीवर चालणारं बोट होतात, एवढंच. तळहात वेगळा काढणं हे एकट्या पेनाच्या हातात कधीच नसतं. घेताना आपल्या टॅबचं नाव आणि मॉडेल त्या खोक्यावर आहे का, ते बघावं.

मी: थोडे दिवस हात उचलून लिहायची सवय करता येणार नाही का? तू इतकी वर्षं फळ्यावर लिहिलंस. फळ्याला कुठे हात टेकत होतीस?

मावशी: फळ्यावरचं अक्षर चार बोटं उंच असतं. ते बोटांनी लिहीत नाहीत, खांद्याने लिहितात. सहा तास झाले की खांदा भरून यायचा, विचार शाळेतल्या कुणालाही. वहीतलं अक्षर बोटांचं असतं. हाताची कड टेकलेली, मनगट स्थिर, मग तीन बोटं बारीक हलतात. हात उचलून लिहायला सांगितलंस तर पोरांचं अक्षर फळ्याएवढं होईल. पानावर चार ओळी मावतील. भूमितीची सिद्धता दोन पानांत तुटेल. ही मुलं मार्चमध्ये कागदावर परीक्षा देणार आहेत, हे विसरू नकोस. टॅबमुळे त्यांच्या हाताची बसलेली घडी मोडलेली मला चालणार नाही.

बोर्ड रंगवणारे पेंटर मला आठवले. ओला रंग पुसू नये म्हणून ते डाव्या हातात काठी धरतात, तिचं टोक बोर्डाला टेकवतात आणि उजवा हात काठीवर ठेवतात. युरोपातले चित्रकारही अशीच काठी वापरत आले आहेत. अधांतरी हाताने बारीक काम होत नाही म्हणून लोकांनी काठी शोधली. हात अधांतरी ठेवायचा सराव नाही केला. मावशीचं म्हणणं मला तिथे पूर्ण पटलं.

मावशी: मग अंदाजच सुधारा. तुम्ही हुशार माणसं. हात कुठे आहे, पेन कुठे आहे, ते काढा शोधून.

मी: सुधारतोच आहोत. पण अंदाज म्हणजे अंदाज. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये न बोलणाऱ्या पेनासाठीच पद्धत काढली. तिचं मर्म असं की स्पर्श झाल्याक्षणी निकाल द्यायचा नाही. तो मोठा होतोय का, हलतोय का, शेजारी आणखी स्पर्श आहेत का, हे अर्धा सेकंद पुन्हा पुन्हा तपासायचं आणि दर वेळी मत बदलायची मुभा ठेवायची. दर फटकाऱ्यामागे तळहाताच्या चुकीच्या खुणा शून्य दशांश शून्य एक सहा इतक्या खाली आल्या आणि पेनाचे शंभरातले अठ्ठ्याण्णव स्पर्श नीट पुढे गेले.

मावशी: लिही ते.

मी कागदावर ०.०१६ आणि ९८% लिहिलं. तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली.

मावशी: एका पानावर पाचशे फटकारे धर. आपल्या लिपीत होतातच तेवढे. आठ खुणा जास्तीच्या आल्या आणि दहा गेल्या. बरोबर?

मी: बरोबर. सगळ्या पानांवर तसंच होईल असं नाही, पण हिशेब बरोबर आहे.

मावशी: त्या दहा कुठल्या गेल्या?

हा प्रश्न आमच्या टीममध्ये इतक्या नेमकेपणाने कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आम्ही टक्के बघतो. कुठली खूण गेली, हे बघत नाही.

मावशी उठली आणि एका मुलाच्या टॅबवरची जुनी पानं उघडून आणली. त्याच्या टॅबवर वेगळं अ‍ॅप आहे, त्यात तळहात गाळायची सोय चालू केलेली असते. पान स्वच्छ होतं, एकही आगंतुक टिंब नाही. तिने बोट ठेवून दाखवलं. पहिल्या ओळीत मुलाने लिहिलं होतं, 'दोन घर विकली'. तिसऱ्या ओळीत 'सगळी काम'. पुढे गणितात १.५ च्या जागी १५, आणि खालची सगळी आकडेमोड त्या पंधराची.

मावशी: मी त्याला रागावले होते. घर म्हणजे एक, घरं म्हणजे अनेक, दहावीला आलास तरी अनुस्वार देत नाहीस म्हणून. तो म्हणत राहिला, बाई, मी दिला होता. दशांश चिन्हही दिलं होतं म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

मी तो टॅब घेतला आणि स्पर्श दाखवायची सोय चालू केली. रबरी पेनाने 'घर' लिहिलं, वर टिंब दिलं. गोल उमटला आणि लगेच गेला. शाई उमटलीच नाही. पुन्हा दिलं. उमटलं. तिसऱ्यांदा पुन्हा गेलं. टिंब म्हणजे काचेच्या भाषेत काय? लहान, क्षणभराचा, जागच्या जागी झालेला स्पर्श. करंगळीची कड ओझरती घासून जाते तोही लहान, क्षणभराचा, जागच्या जागी झालेला स्पर्श. ज्या कुणी हे गाळणं लिहिलं त्याने ठरवलं होतं की असा स्पर्श बहुधा हाताचा असतो. पानावर आगंतुक ठिपके दिसले की लोक तक्रार करतात. गळलेल्या ठिपक्याची तक्रार करत नाहीत. म्हणून चाळणी बारीक होत जाते.

मी: तक्रार का करत नाहीत, तर त्यांना दिसतच नाही. जास्तीचं टिंब डोळ्यांना खटकतं. आपण दिलेलं टिंब आपल्याला मनात दिसत असतं, म्हणून पानावर नाही हे लक्षात येत नाही.

मावशी: आणि पोराला वाटतं, आपलंच चुकलं असेल. पुढच्या वेळी तो जोरात दाबतो. त्याने काही होत नाही, कारण तुमच्या काचेला जोर कळत नाही. खरं ना?

मी: या काचेला नाही कळत.

मावशी: मग तुला निवडायचं झालं तर? पानावर घाण झाली तरी चालेल, पण माझं अक्षर गाळू नका. घाण मी पुसेन.

मी: तू पुसशील. वर्गात टीव्हीवर लिहिताना, दर दोन ओळींनी पुसत बसलीस तर मुलांचं लक्ष जाईल. पान मोठं झालं की शिकवायची लय तुटते, तेही आहेच.

मावशी: पान मोठं होणं आणि टिंब उमटणं एकाच मापाने का मोजतोस? लिहिताना पान हलायलाच नको. मी वहीत लिहीत असताना वही कुणी ओढतं का? पान हलवायचं असेल तेव्हा मी सांगेन. टिंबाचं वेगळं.

यावर मला थोडा वेळ गप्प बसावं लागलं. आम्ही हे दोन्ही एकाच खात्यात घालतो, 'अनाहूत स्पर्श' म्हणून, आणि एकाच चाळणीने गाळतो. पण पान सरकणं, मोठं होणं, दोन बोटांच्या टिचकीने शेवटचं लिहिलेलं रद्द होणं, हे सगळं लिहिताना सरळ बंद ठेवता येतं. त्यासाठी अंदाज लागत नाही, एक बटण लागतं. मावशीच्या अ‍ॅपमध्येही झूम बंद करायची सोय होती, सेटिंगच्या तीन पानं आत. ती मी तिथल्या तिथे बंद केली. बोलणाऱ्या पेनांसाठी 'फक्त पेनाने लिहा' हा पर्याय आता बहुतेक ठिकाणी मिळतो. ज्यांच्याकडे रबरी पेन आहे त्यांना निदान 'पान बांधा' एवढं बटण पानाच्या कोपऱ्यात, हाताशी मिळायला हवं. ते मिळालं की उरतात फक्त खुणा. मग चाळणीची भोकं मोठी करता येतात.

मी: ठीक. पान बांधलं. आता टिंबाचं सांगतो. ते आलं की लगेच शाई दाखवायची, पण कच्ची. अर्धा सेकंद बघायचं. ते मोठं होत गेलं, तिथेच विसावलं, तर तो हात, पुसून टाकायचं. अँड्रॉइडमध्ये २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून हे अधिकृतपणे सांगायची सोय आहे: आधी दिलेला स्पर्श रद्द समजा, तो तळहात होता. अ‍ॅपने ते ऐकून शाई मागे घ्यायची असते. ते क्षणात उठून गेलं, तर पेनाचं टिंब असू शकतं.

मावशी: किंवा घासलेली करंगळी.

मी: हो, किंवा करंगळी. तिथे जागा बघायची. नुकत्याच लिहिलेल्या अक्षराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो अनुस्वार. आकड्याच्या पायाशी असेल तर दशांश चिन्ह. ओळीच्या खाली, उजवीकडे, मोकळ्या जागेत असेल तर हात. हात नेहमी पेनाच्या खाली आणि उजवीकडे असतो.

मावशी: आणि शिरोरेघ? तिला मागे जावं लागतं. शब्द लिहून झाला की हात डावीकडे नेऊन वर रेघ. 'विद्यार्थ्यांनी' लिहून बघ. वेलांटी, रफार, अनुस्वार, पुन्हा वेलांटी, मग रेघ. किती वेळा पेन उचललं?

तिचं खरं आहे. मोडी लिहिणारे कारकून ओळीची रेघ आधीच पानभर ओढून घेत आणि पेन फारसं न उचलता अक्षरं तिच्याखाली पळवत. बाळबोध अक्षर तुटक असतं, परत परत मागे येतं. पेन उचललं तरी हात बहुधा टेकलेलाच राहतो, हे आपल्या फायद्याचं. टेकलेला हात ओळखलेला असतो. पण शिरोरेघेला आणि लांबच्या मात्रेला हात सरकतो, आणि सरकला की मघासारखे त्याचे तुकडे होतात. इंग्रजी लिहिणाऱ्या हातांवर बेतलेल्या चाळणीला ही ये-जा माहीत नसते. ती माहीत करून द्यायची तर मराठी लिहिणारे हात गोळा करून, त्यांचे आकडे काचेतून काढून बघायला हवेत. दुसरा मार्ग मला दिसत नाही.

मी: तरीही माझं मत तेच आहे, मावशी. हे सगळं केलं तरी चुका कमी होतील, संपणार नाहीत. बोलणारं पेन स्वस्त होणं आणि साध्या टॅबच्या काचेला ते ऐकू येणं, खरा उपाय तोच. अंदाज कितीही चांगला केला तरी तो आकड्यांतून माणूस ओळखण्याचा प्रयत्न आहे.

मावशी: ते स्वस्त होईपर्यंत किती मुलं दहावी होऊन जातील? मला पेन नको म्हणत नाही मी. पण आज या सात टॅबांवर जो अंदाज चालतो तो तुझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलाय. तो माणूस म्हणाला असेल, खरा उपाय पेन आहे, हे तात्पुरतं आहे. तात्पुरतं म्हणून कामात कुचराई केली, आणि माझ्या पोराची घरं घर झाली. मी त्याच्या वहीवर लाल शाईने लिहिलं.

यात राग होता आणि तो रास्त होता. ते सॉफ्टवेअर मी लिहिलेलं नाही, पण मी लिहिलेलं कुठल्या तरी टॅबवर असंच चालत असेल.

तिने एक कोरा कागद घेतला आणि रुमाल बाजूला सारून, टेबलावर हात टेकवून लिहायला बसली. पेन्सिलने, बारीक, एकसारख्या अक्षरात. काम, कामं. झाड, झाडं. पान, पानं. गाव, गावं. १५, १.५. २०५, २०.५, २.०५. चाळीस जोड्या झाल्या तेव्हा थांबली.

मावशी: हे घे. तुमच्याकडे तपासणी कशी करता मला माहीत नाही. या चाळीस जोड्या लिहून बघायच्या, रबरी पेनाने, हात टेकवून. यातलं एकही टिंब गळता कामा नये. दहा जास्तीचे ठिपके आले तरी चालतील.

मी: दहा फार होतात. पाच म्हणू.

मावशी: पाच. पण गळायचं एकही नाही.

मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. सहा वाजले होते. मुलं यायला लागली. जिला सगळ्यात आधी यायची सवय आहे ती मुलगी येऊन बसली, दप्तरातून टॅब काढला. मावशीने तिला सांगितलं, हा दादा सांगेल तसं जरा लिहून दाखव. मी स्पर्श दाखवायची सोय चालू करून दिली आणि 'सगळी कामं झाली' लिहायला सांगितलं.

तिने पेन डाव्या हातात घेतलं. मनगट वरून वाकवलं, ओळीला वरच्या बाजूने कवेत घेतल्यासारखं, म्हणजे लिहिलेलं तिला दिसत राहील. पेन अजून हवेत होतं. पहिला गोल उमटला तो ओळीच्या वर, डावीकडे, जिथे 'कामं'चा अनुस्वार यायचा होता बरोबर त्या उंचीला.

मी खिशातला कागद पुन्हा काढला, उलटा केला आणि तिचा हात कुठे टेकतो ते पेन्सिलने त्यावर काढायला लागलो.